लेखणीचा दोष आणि हाताचा दोष

चेन्नईतील एग्मोर भागात विल्यम पेट्री या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने १७८६ मध्ये एक खाजगी वेधशाळा उभारली. पुढे ती कंपनीने आपल्याकडे घेतली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिच्यासाठी नवी इमारत झाली. वेध घेणाऱ्यांचा शिरस्ता असा, की दुर्बीण किती कलली आहे, घड्याळ किती सेकंद मागे पडते, हे आधी मोजून वहीत मांडावयाचे आणि मगच ताऱ्याच्या वेधातून तेवढी चूक वजा करावयाची. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये सुरू केलेली कलाशाळा आज एग्मोरलगतच शासकीय ललित कला महाविद्यालय म्हणून नांदत आहे. चित्रकलेचा विद्यार्थी आता संगणकाला जोडलेल्या पेन टॅब्लेटवरही रेखाटतो. वेधशाळेतील ती शिस्त त्याच्याही हाती यावी, असे मला वाटते.

लेखणी टेकली एकीकडे आणि रेघ उमटली दुसरीकडे, की सल्ला ठरलेला असतो : अंशशोधन करा. अंशशोधन म्हणजे घड्याळ मिळवण्यासारखीच क्रिया. उपकरणाचे वाचन खऱ्या मापाशी जुळवून घेणे. परंतु बिघाड कोठे आहे हे न पाहता केलेले अंशशोधन नवी चूक निर्माण करते, आणि होतकरू विद्यार्थी मात्र आपला हातच वाईट म्हणून खट्टू होतो. हे नुकसान मला अधिक मोठे वाटते.

ज्या टॅब्लेटला स्वतःचा पडदा नाही, तिला बहुधा अंशशोधन लागतच नाही. तेथे प्रश्न असतो मांडणीचा. एक काचेची बांगडी टॅब्लेटवर ठेवून तिच्या कडेने लेखणी फिरवावी. (नाणे घेऊ नये; पुष्कळशा टॅब्लेट चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने लेखणीचे स्थान ओळखतात आणि धातूमुळे ते क्षेत्र बिघडते.) पडद्यावर वर्तुळाऐवजी लंबवर्तुळ उमटले, तर कारण गणिताने सापडते. समजा, टॅब्लेटचे क्षेत्र १६ सेंटिमीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच आहे आणि संगणकाला १९२० × १०८० बिंदूंचे दोन पडदे शेजारी-शेजारी जोडले आहेत. लिनक्सवर पुष्कळदा सारी टॅब्लेट दोन्ही पडद्यांवर मिळून पसरते. मग आडव्या एका सेंटिमीटरला २४० बिंदू येतात, उभ्या एकाला १०८. पाच सेंटिमीटरची बांगडी १२०० बिंदू रुंद आणि ५४० बिंदू उंच दिसते. अशा वेळी हाताला बोल लावण्यात काय अर्थ आहे? टॅब्लेट एकाच पडद्याशी बांधावी. टॅब्लेटची रुंदी ० ते १ अशी मोजली, तर डाव्या पडद्यासाठी प्रत्येक आडवा अंक निम्मा करावयाचा. उजव्यासाठी निम्मा करून त्यात अर्धा मिळवावयाचा. लिनक्सच्या जुन्या एक्स-ऑर्ग व्यवस्थेत हे अंक उघडपणे वाचता व बदलता येतात, हा मला तिचा मोठा गुण वाटतो. यानंतरही बांगडी किंचित रुंद दिसेल, कारण १६:१० आणि १६:९ ही प्रमाणे सारखी नाहीत. प्रमाण कायम राखण्याची सोय निवडली की तोही फरक जातो.

पडदायुक्त टॅब्लेटची गोष्ट निराळी. तेथे पडद्यावर नऊ फुल्या काढून प्रत्येकीच्या मध्यावर लेखणी टेकवावी आणि ठिपका किती मिलिमीटर ढळला ते पट्टीने मोजावे. सर्व ठिपके एकाच दिशेला सारखेच ढळले असतील, तर मूळ स्थान सरकले आहे, किंवा काचेच्या जाडीमुळे दृष्टिभेद होत आहे. अंतर एका कडेकडून दुसरीकडे वाढत गेले, तर मापात दोष आहे. हे दोष अंशशोधनाने जातात. केवळ कडांपाशीच ठिपके वाकडेतिकडे पडत असतील, तर कोपऱ्यांतील चार खुणांवरून काढलेली सरळ रेषेची दुरुस्ती तेथे फारशी उपयोगी पडत नाही. उलट मधला भाग बिघडण्याचा धोका असतो. तेवढी कड रेखाटनातून वगळावी, हे बरे.

लिनक्सची एक उणीव मात्र झाकून ठेवू नये. जुन्या सूचना एक्स-ऑर्गसाठी लिहिलेल्या असतात. उबंटूने २०२१ पासून वेलंड ही नवी व्यवस्था सर्वसाधारणपणे पुढे केली, आणि तेथे ‘एक्स-सेट-वॅकॉम’सारख्या जुन्या आज्ञांचा उपयोग होत नाही, जुळवणी मांडपटाच्या सेटिंगमधूनच करावी लागते. एक्स-ऑर्गवरही त्या आज्ञेने केलेली जुळवणी टॅब्लेटची तार काढून पुन्हा लावली की पुसली जाते. काल सुधारलेला दोष आज परत आला, म्हणून नवी टॅब्लेट मागवण्यापूर्वी शिक्षकांनी एवढे पाहावे.

मोजणीच्या वहीत तारखेबरोबर डोळा कोठे होता आणि लेखणी कोणत्या बाजूला कलली होती, हेही लिहावे. डावखुऱ्या विद्यार्थ्याने उजव्या हाताने काढणाऱ्या सोबत्याचे अंशशोधन वापरू नये. त्याची लेखणी उलट बाजूला कलते. त्याने नऊ फुल्या आपल्या हाताने, आपल्या नेहमीच्या बैठकीत, पुन्हा तपासाव्यात.