यंत्र-मुनिमाचा निरोप

टेंभुर्णी, कंदर, जेऊर या उजनीकाठच्या गावांत केळीचा हंगाम भरास आला की व्यापाऱ्याचा दिवस बागेत नाहीतर शीतगृहात जातो आणि पत्रव्यवहार रात्रीवर पडतो. असा व्यापारी आता ईमेलचे काम एआय सहायकाकडे सोपवू शकतो. भावाची चौकशी, कंटेनरची कागदपत्रे, थकबाकीची आठवण ही पत्रे सहायक स्वतः लिहितो आणि धाडतो. मात्र टपालपेटीपर्यंत पोचण्यास त्याला मधला एक सेवक लागतो. त्यास एमसीपी सर्व्हर म्हणतात. अँथ्रॉपिक कंपनीने ही पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वांसाठी खुली केली. जोडून देणारे पुष्कळ भेटतात. बंद कसा करावा, हे विचारण्याची वेळ मात्र बहुधा काही बिघडल्यावरच येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये तशी वेळ अनेकांवर आली. ‘पोस्टमार्क-एमसीपी’ नावाचे साधन एनपीएम या सॉफ्टवेअरच्या भांडारात विनामूल्य मिळत होते. पोस्टमार्क या ईमेल सेवेचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नाव उसने घेतलेले. पहिल्या पंधरा आवृत्त्या चोख चालल्या. १.०.१६ या आवृत्तीत एकच ओळ वाढली आणि प्रत्येक पत्राची गुप्त प्रत परक्या पत्त्यावर जाऊ लागली. कोई सिक्युरिटी या संस्थेने हे उघड केल्यावर साधन भांडारातून काढले गेले. पण ज्यांच्या संगणकावर ते आधीच बसले होते, तेथे चोरी चालूच राहिली. बाजारातून माल उठला म्हणून घरातला डबा रिकामा होत नाही. ते साधन प्रत्येकाने आपल्या संगणकावरून काढायचे होते आणि त्यातून गेलेले पासवर्डही बदलायचे होते.

साधन प्रामाणिक असले तरी ते एकदम बंद करणे धोक्याचे असते. ईमेल पाठवण्याचा नियम १९८२ चा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला, आणि त्याचे मर्म कोणत्याही पेढीस ओळखीचे वाटेल: पोच मिळेपर्यंत माल पाठवणाऱ्याच्या जोखमीवर. पत्राचा मजकूर संपला की समोरचा सर्व्हर ‘२५०’ हा आकडा परत देतो. तीच पोच. मजकूर पोचला पण पोच परत येण्याआधीच यंत्र बंद पडले, तर पुन्हा सुरू होताच ते पत्र दुसऱ्यांदा जाण्याचा संभव असतो. आठवणीचे पत्र दोनदा गेले तर गिऱ्हाईक रागावेल, एवढेच. एका कंटेनरच्या मागणीस होकार दोनदा गेला तर हिशेब निराळा. उलट, पाठवायची पत्रे साधनाने फक्त तात्पुरत्या स्मृतीत धरली असतील, तर ती कायमचीच जातात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. उजनीस ४१ दरवाजे आहेत. भीमेतला विसर्ग घटवायचा तर तो टप्प्याटप्प्याने घटवतात. येथेही आधी एआय सहायकास नवे काम देणे थांबवावे, हातातली पत्रे जाऊ द्यावीत, ‘सेंट’ फोल्डरशी ताळा घ्यावा आणि मग साधन बंद करावे. एमसीपीच्या नियमातही हाच क्रम आहे. संगणकावरच चालणाऱ्या सेवकाचा आवक मार्ग आधी मिटवायचा, तो आपणहून थांबण्याची वाट पाहायची, न थांबल्यास थांबण्याची सूचना द्यायची आणि तरीही न ऐकल्यास सक्तीने बंद करायचे. टास्क मॅनेजरमधले ‘एंड टास्क’ ही ती शेवटची सक्ती आहे. घाईत लोक तेथूनच सुरुवात करतात.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. उजनी ‘मायनस’मध्ये गेली असे म्हणतात, तेव्हाही धरणाच्या तळाशी ६० टीएमसीहून अधिक मृतसाठा असू शकतो. बंद साधनामागेही तसाच साठा राहतो: टपालपेटीत शिरण्याची त्याला दिलेली किल्ली. कार्यक्रम संगणकावरून पुसला तरी ती किल्ली चालते. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात बाहेरच्या ॲपना दिलेल्या परवानग्या दिसतात. तेथून ती रद्द करावी, वेगळा ‘ॲप पासवर्ड’ काढला असल्यास तोही काढून टाकावा. पत्रे दुसऱ्या पत्त्याकडे वळवण्याचा एखादा नियम मागे राहिला आहे का, तेही पाहावे. ही तपासणी पाच-दहा मिनिटांची आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

जुनी पत्रे मात्र पुसू नयेत. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि मागणी, बिल, दर यांची पत्रे वेळ आली की पुरावा म्हणून लागतातच. साधनाने स्वतःच्या फोल्डरात काही साठवले असेल तर त्याची प्रत आधी काढावी.

किल्ली कोणाच्या नावे काढली, हे पुष्कळदा पेढीत कोणालाच ठाऊक नसते; जोडणी करून देणारा तरुण पुण्यास नोकरीला निघून गेलेला असतो. बंद करण्याच्या दिवशी पहिला फोन त्याला करावा.