मंदीत सरकारचा पैसा कोणाच्या हाती?

मंदी आली की सरकारने खर्च वाढवावा की तूट आवरावी, हा जुनाच वाद दिल्लीत नव्याने रंगतो. वित्तीय तूट ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक २००३ च्या कायद्याने घालून दिला. तेव्हापासून कामगारांनी काही मागितले की "पैसा नाही" हे उत्तर तयारच असते. हा दंडक सर्वांना सारखा लावला जातो काय, हे एकदा तपासले पाहिजे.

सप्टेंबर २०१९ मध्ये माल उठत नव्हता, मोटार कारखान्यांत उत्पादन थांबवून कामगारांना घरी बसवले जात होते. त्या वेळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनीकराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. सरकारच्याच अंदाजाने वर्षाकाठी १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पाणी सोडले गेले. त्या दिवशी तुटीची काळजी कोणाला वाटली नाही. गुंतवणूक वाढेल, असे सांगण्यात आले. पण गिऱ्हाईकच नसताना केवळ करसवलत मिळाली म्हणून कोणी नवी यंत्रे बसवतो काय? कंपन्यांनी हा पैसा कर्जफेडीकडे आणि रोकड साठवण्याकडे वळवला, असे पुढे रिझर्व्ह बँकेच्याच वार्षिक अहवालात आले.

नंतर टाळेबंदी आली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे उत्पादन जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरले. सरकारने २० लाख कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्यातला मोठा भाग कर्जाचा आणि कर्जहमीचा होता. ज्याचा धंदाच बंद, त्याने कर्ज काढून करायचे काय?

उपयोगी पडली ती रोजगार हमी. पायी गावी परतलेल्यांनी काम मागितले आणि कायद्याने ते देणे भाग होते. म्हणून ६१,५०० कोटींची मूळ तरतूद मागे पडून वर्षाचा खर्च १ लाख कोटींच्या वर गेला. ११ कोटींहून अधिक माणसांना काम मिळाले. मजुराच्या हातातला रुपया त्याच आठवड्यात किराणा दुकानात जातो आणि तेथून साबण-बिस्किटांच्या कारखान्यात. मंदी जितकी खोल तितका हा खर्च आपोआप वाढतो. त्यासाठी मंत्र्याच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही.

ही कल्पना महाराष्ट्राची. १९७२ च्या दुष्काळात तिची कसोटी लागली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खर्चासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. पगारपत्रकातली ती किरकोळ कपात मुळात कशासाठी सुरू झाली, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा बदलला. दिवस १०० वरून १२५ झाले, याची जाहिरात झाली. पण खर्चाचा ४० टक्के वाटा आता बहुतेक राज्यांवर आहे. पूर्वी अकुशल कामाची सारी मजुरी केंद्र देत असे. शिवाय राज्याला किती पैसा द्यायचा, हे केंद्र आधीच ठरवणार. त्यावरचा भार राज्याने सोसायचा. मंदीत राज्यांचा महसूल आटतो आणि त्यांच्या कर्जालाही मर्यादा असते. म्हणजे गरज सर्वाधिक असेल नेमका तेव्हाच हात आखडणार.

यात आपल्या चळवळीकडेही बोट जाते. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले. त्यासाठी सरकारने सुमारे १ लाख कोटी सोडले आणि आपल्यातल्या पुष्कळांनी स्वागत केले. कायम कामगाराला त्यात काही मिळाले असेल. शेजारच्या यंत्रावरच्या कंत्राटी कामगाराला, जो आयकराच्या कक्षेतच येत नाही, त्याला काय मिळाले? अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्री कामगार संघटनांना चर्चेला बोलावतात. तेथे द्यावयाच्या निवेदनात आयकराची मर्यादा नेहमी वरच्या ओळीत असते. पुढच्या वेळी त्या ओळीत मजुरीचा पूर्ण खर्च केंद्राने उचलावा आणि मागेल त्याला काम देताना पैशाची मर्यादा नसावी, ही मागणी लिहावी. आयकराचे कलम खाली गेले तरी चालेल.