गोगलगायीला औषध विचारू नका, आधी बॅटरी घ्या



मृगाचे दोन पाऊस झाले की फोन सुरू. "भाऊ, शेडनेटमध्ये गोगलगायी झाल्यात, मिरचीच्या रोपांचे शेंडेच नाहीत, कोणतं औषध मारू?" विचारणाऱ्याला दुकानातून एक बाटली आधीच मिळालेली असते. मी फक्त हो म्हणावं एवढीच त्याची अपेक्षा. मी हो म्हणत नाही. म्हणून आज थोडं कडक लिहायलोय, राग मानू नका.

गोगलगाय ही अळी नाही, किडाही नाही. ती शिंपल्याच्या जातीची. अळीचं औषध तिच्या अंगावरच्या चिकट्याला दाद देत नाही, आणि फवारा मारतो आपण दिवसा, तेव्हा ती ट्रेखाली नाहीतर कोकोपीटच्या पोत्याखाली झोपलेली असते. मी स्वतः हा शहाणपणा केलाय. 2022 चा खरीप आठवतो ना? लातूर, बीड, उस्मानाबादकडं शंखी गोगलगायीनं उगवलेलं सोयाबीन भुईसपाट केलं, लोकांनी दुबार पेरलं, शेवटी सरकारला मदत द्यावी लागली. त्याच साली माझ्या घरामागच्या पाच गुंठ्याच्या शेडनेटमध्ये मी तीन फवारे घेतले. गोगलगायी जशाच्या तशा. मेले ते जमिनीवरचे भुंगेरे, जे तिची पिल्लं खातात. पैसे देऊन आपणच तिचे वैरी मारले.

कुणी अजून जुनं फोरेट काढून टाकतं. बाबांनो, 2020 च्या डिसेंबरअखेरपासून त्याच्यावर बंदी आहे, आणि घराजवळच्या भाजीत ते टाकायचं म्हणजे उद्या तीच काकडी आपली लेकरं खाणार. कुणी सरळ वाफ्यात मीठ फेकतं. गोगलगाय मरते, खरंय. पण ती जमीन पुढं कशात घालणार? मीठ बादलीतल्या पाण्यात, जमिनीत नाही.

राहिल्या मेटाल्डिहाईडच्या गोळ्या. त्या चालतात. शिफारस आहे 2.5 टक्क्याची, एकरी 2 किलो. मी त्याच्या विरोधात नाही, उघड्यावर टाकण्याच्या विरोधात आहे. या गोळ्यांना कोंड्यासारखा वास येतो, कुत्र्याला ते खाणंच वाटतं. माझा मोती असाच गेला. संध्याकाळी दारात गोळ्या टाकल्या, रात्री तो थरथरायला लागला, झटके आले, दिवस उगवायच्या आत संपला. पुडीवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. चूक माझी. त्या अंगणात तेव्हा माझी नात रांगत होती, हे अजून मनातून जात नाही. तेव्हापासून गोळी टाकलीच तर उताणं घातलेलं नारळाचं करवंट, वर दगड, बाजूला बारीक फट. गोगलगाय आत जाते, कोंबडीची चोच नाही.

आता खरं कारण ऐका, आणि ते आपलंच आहे. शेडनेटला पाणी देतो आपण संध्याकाळी. दिवसभराच्या कामातून तेव्हाच सवड मिळते. रात्रभर माती ओली, वर सावली, कडेला गाजरगवत. गोगलगायीला याहून चांगली सोयरीक कुठं मिळणार? पाणी सकाळी द्या, संध्याकाळपर्यंत वरचा थर सुकू द्या. एवढ्या एका बदलानं माझ्याकडं बिनशंखाच्या शेंब्या निम्म्याच्या खाली आल्या. खर्च शून्य, म्हणून कुणी सांगत नाही.

दुसरं, ती चालत येत नाही, आपण आणतो. शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली बेन्सन नावाच्या साहेबानं मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली, असं नोंदलेलं आहे. पुढचं काम माणसांनीच केलं, रोपाच्या मुळासंगं, मातीसंगं, शेणखतासंगं. बाहेरून रोपांचा ट्रे आला की उलटा करून बघा. माती उकरली की साबुदाण्यासारखी पिवळसर अंडी दिसतील, एका जागी शंभरावर. ती जूनमध्ये फुटण्याआधी उन्हात पसरली तर पुढची लढाई अर्धी होते.

आणि वेचणी. हिला लोक हसतात. "एवढ्या शेतीत वेचत बसू का?" सोयाबीनच्या दहा एकरात एकट्यानं होत नाही, कबूल. तिथं सगळं शिवार एका दिवशी उतरलं तरच भागतं, कारण बांध दोघांचा असतो. पण पाच गुंठे तर होतात ना? गूळपाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी अंथरायचं, वर पपईची पानं टाकायची. सकाळी ऊन यायच्या आत गोणपाट उचलायचं. सगळ्या खाली. हातमोजे घालूनच उचला, हिच्या अंगात माणसाच्या मेंदूला बाधणारा जंत असू शकतो. साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाका, मग खड्ड्यात पुरा. नाल्यात फेकू नका, नाला पुढच्या गावाला जातो. दारापुढं चार बोटं रुंद चुन्याचा कोरडा पट्टा ठेवा, भिजला की पुन्हा टाका. ट्रेच्या मांडवाचे पाय साबणपाण्याच्या वाट्यात, आपण मुंग्यांसाठी ठेवतो तसे.

कृषी विभागाच्या साहेब लोकांनाही एक सांगणं. पानावर छिद्रं पडल्यावर पंचनाम्याला येता, त्यापेक्षा मे महिन्यात या. बांध उकरून अंडी दाखवा. छापील कागदावर "हाताने गोळा करून नष्ट करावीत" ही पहिली ओळ असते, पण शेडनेटवर रात्री साडेनऊला बॅटरी घेऊन आलेला माणूस मी अजून बघितला नाही. आलात तर चहा माझ्याकडं.

काल रात्री पाऊस झाला. आज सकाळचा आकडा : शंखी 41, शेंब्या 9. गेल्या वर्षी याच आठवड्यात घमेलं भरायचं. तुमचा आकडा खाली लिहा, औषधाचं नाव नको.