झाड हलवलं म्हणजे झाड जगलं असं नाही. रस्त्याकडेच्या वडांचं नेमकं काय होतं?

विशेष विश्लेषण

रस्ता रुंदीकरणाचं काम निघालं की गावच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "झाडं तोडणार नाही, दुसरीकडं नेऊन लावणार." लोकांचं समाधान होतं, बैठक संपते. पुढं दोन-तीन उन्हाळ्यांनी त्या जागेवर जाऊन बघितलं तर निम्मी झाडं सरपणाच्या लायकीची झालेली असतात. आमच्या भागातही एका ठेकेदारानं गायरानाच्या कडेला अकरा झाडं आणून उभी केली होती. पहिल्या पावसाळ्यात सगळ्यांना पालवी आली आणि तिचे फोटो गावभर फिरले. आज त्यातली तीनच हिरवी आहेत, तीही वडाचीच. चिंचा एकही जगली नाही.

मग पुनर्रोपण खोटं आहे का? तर नाही. पण ते जसं सांगितलं जातं तेवढं सोपंही नाही.

पालवी का फसवते?

मोठ्या झाडाच्या खोडात आणि जाड मुळांत अन्न साठवलेलं असतं. झाड उपटून लावलं तरी त्या साठ्यावर ते पहिली पालवी फोडतं. पाणी ओढणारी बारीक मुळं मात्र मूळ जागेवरच तुटून राहिलेली असतात. नवी मुळं वेळेत सुटली नाहीत तर साठा संपतो आणि झाड दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात बसतं. तोवर ठेकेदाराचं बिल निघालेलं असतं. म्हणून "पालवी फुटली" हा पुरावा धरायचा नाही. तीन उन्हाळे काढले तरच झाड जगलं म्हणायचं.

मोठ्या शहरातही हेच झालं. दिल्ली सरकारनं २०२० मध्ये पुनर्रोपणाचं धोरण आणलं. हलवलेल्या झाडांपैकी ८० टक्के जगली पाहिजेत, अशी त्यात अट होती. २०२२ मध्ये त्याच सरकारनं उच्च न्यायालयात आकडा दिला, आधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या १६,४६१ झाडांपैकी ५,४८७ जगली. म्हणजे तीनातलं एक. पैसा, यंत्रं, तज्ज्ञ सगळं हाताशी असलेल्या राजधानीची ही गत. आपल्याकडं एका जेसीबीवर काम चालतं.

गणित मातीच्या गोळ्याचं

झाडासोबत मुळांभोवतीचा मातीचा गोळा अखंड यावा लागतो. खोडाच्या जाडीच्या साधारण दहापट रुंद गोळा, असा ठोकताळा आहे. खोड एक फूट जाड असेल तर गोळा दहा फूट रुंद आणि तीन-साडेतीन फूट खोल. त्याचं वजन दहा-बारा टन भरतं. एवढं ओझं जेसीबीच्या बकेटनं उचलत नाही, त्याला क्रेन आणि ट्रेलर लागतो. जेसीबीनं हिसका देऊन काढलेलं झाड म्हणजे मुळं तोडलेलं लाकूड, एवढंच.

दुसरी गोष्ट वेळेची. नीट काम करणारे लोक झाड हलवायच्या दोन-तीन महिने आधी खोडाभोवती टप्प्याटप्प्यानं चर घेतात, मुळं धारदार हत्यारानं कापतात आणि चरात माती-शेणखत भरून पाणी देतात. त्या काळात गोळ्याच्या आत नवी बारीक मुळं फुटतात. मग फांद्या छाटायच्या, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची, गोळा गोणपाटात आवळायचा. नवा खड्डा गोळ्यापेक्षा मोठा हवा, पण झाड आधी जेवढं जमिनीत होतं तेवढंच गाडायचं, जास्त खोल नाही. पावसाळ्याचं तोंड ही त्यातल्या त्यात चांगली वेळ.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. घर बांधताना मी स्वतः बहरातलं लिंबाचं झाड एप्रिलात घाईनं जेसीबीनं काढून लावलं. पंधरा दिवसांत वाळलं. चूक माझीच. त्याच परड्यातला कढीपत्ता आणि जास्वंद जूनमध्ये छाटून, मातीसकट काढून लावली, ती दोन्ही आज तरारून आहेत. झुडपं ऐकतात, मोठ्या झाडाला तयारी लागते.

जातीचाही फरक आहे. वड, पिंपळ, उंबर यांची मुळं पुन्हा लवकर फुटतात, वडाच्या तर फांदीलाही मुळं सुटतात. ही झाडं कमी गोळ्यावरही तग धरतात. आंबा, चिंच, साग यांचं सोटमूळ तुटलं की काम अवघड. त्यामुळं "सगळीच झाडं हलवू" असं कोणी म्हणत असेल तर त्याला जातवार यादी मागा.

कायदा काय म्हणतो?

शहरांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. पण तो महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीपुरता. खेड्यात १९६४ चा वृक्षतोड कायदा चालतो, त्यातल्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, फणस, साग आहेत, वड मात्र नाही. म्हणजे दीडशे वर्षांच्या वडाला शहरात जी ढाल आहे ती गावात नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१५ चं हरित महामार्ग धोरण आहे, त्यात लागवड आणि पुनर्रोपण दोन्ही येतं आणि प्रकल्प खर्चाच्या १ टक्का रक्कम त्यासाठी धरलेली आहे. तेव्हा "पैसे नाहीत" हे उत्तर महामार्गाच्या कामात तरी ऐकून घ्यायचं नाही.

आणि हलवण्याआधीचा प्रश्न, झाड चुकवता येतं का? मिरज तालुक्यातल्या भोसे गावच्या जुन्या वडासाठी २०२० साली लोक उभे राहिले, तेव्हा रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आखणीत बदल करायचं मान्य झालं. सगळीकडं हे जमेल असं नाही, पण विचारल्याशिवाय कुठंच जमणार नाही.

ग्रामसभेत काय मागायचं?

काम सुरू व्हायच्या आधी, तोंडी नको, ठरावात लिहून घ्या:

१. प्रत्येक झाडाचा नंबर, जात, घेर आणि फोटो.
२. चर कधी घेणार आणि झाड कधी हलवणार, दोन्ही तारखा.
३. नवी जागा कुठली, तिथं पाण्याची सोय काय.
४. तीन वर्षं पाणी आणि राखण कोणाकडं.
५. ठेकेदाराचा काही पैसा तीन उन्हाळ्यांनंतर, जगलेली झाडं मोजूनच द्यावा.

आपलं स्वतःचं झाड संपादनात जात असेल तर संयुक्त मोजणीच्या दिवशी शेतात हजर राहा. जमिनीच्या मोबदल्यात झाडांची किंमत वेगळी धरायची तरतूद २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. पंचनाम्यात झाड लिहिलंच गेलं नाही तर नंतर ते दाखवायला जागेवर खोडही उरत नाही.

गायरानातल्या त्या तीन वडांना यंदा गावातली पोरं टँकरनं पाणी घालतायत. ठेकेदार कधीच गेला. हे काम ज्याचं होतं त्याच्याकडून करून घ्यायचं असेल, तर ठराव झाड उभं असतानाच व्हायला हवा.