जंतूंनी केलेलें इंधन

हायड्रोजन हें निर्मळ इंधन होय, असें हल्लीं वारंवार ऐकूं येतें. विल्यम ग्रोव्ह यांनीं १८३९ सालीं दाखविलेल्या तत्त्वानुसार इंधन-घटांत त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन वीज मिळते व मागें पाणी उरतें, हें खरें. परंतु जगांतील बहुतेक हायड्रोजन आजही नैसर्गिक वायु व दगडी कोळसा यांपासूनच काढितात, हें सहसा कोणी सांगत नाहीं. मग निर्मळपणा तो कसला?

क्लोस्ट्रिडियम जातीचे जंतु बंद भांड्यांत साखर आंबवून हाच वायु देतात. मात्र मिथेन करणारे जंतु सोबत असले कीं ते तो फस्त करितात. म्हणून विरजणाचा गाळ आधीं उकळतात. मिथेनवाले मरतात, क्लोस्ट्रिडियमचे बीजाणु तगतात. युक्ति मोठी मौजेची आहे!

हिशेब मात्र तितका मौजेचा नाहीं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे १२ रेणु निघणें तत्त्वतः शक्य. या आंबवणींत फार तर ४ निघतात. बाकीचें सत्त्व ॲसेटिक, ब्युटिरिक इत्यादि आम्लांत अडकून राहतें.

म्हणून या जंतूंस धान्य अथवा साखर चारण्यास आमची संमति नाहीं. चारावयाचेंच तर मद्यार्काच्या कारखान्यांतील सांडपाणी चारावें. आमच्या महाराष्ट्रांत असे कारखाने पुष्कळ आहेत, आणि तें काळें, दुर्गंधी पाणी ओढ्यांत गेलें तर मासे मरतात. तें शुद्ध करण्याचा खर्च तसाही करावाच लागतो. त्यांतून ४ च्या जागीं २ रेणु हातीं लागले, तरी तेवढा नफाच.