काडतुसाची हमी कोणाची?

रिव्हॉल्व्हर हे भरवशाचे शस्त्र मानले जाते. त्यात अडकून बसतील असे भाग थोडे. चाप ओढला की चक्र फिरते आणि नवे काडतूस नळीसमोर येते. एक फुकट गेले तरी दुसरे हजर असते. हा लौकिक खोटा नाही. परंतु ज्या रचनेमुळे तो लाभला, तिच्याच पोटी या शस्त्राचा मोठा धोकाही आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

स्वयंचलित पिस्तुलाची यंत्रणा बाराच्या जोरावरच पुढचे काडतूस भरते. बार कमजोर निघाला तर ती बहुधा थबकते आणि वापरणाऱ्याला आपोआप इशारा मिळतो. रिव्हॉल्व्हरचे चक्र माणसाच्या बोटाने फिरते. मागचा बार कसा उडाला याची त्याला पर्वा नसते. काडतुसात दारू पडायचीच राहिली असेल तर केवळ बुडाशी असलेल्या टोपीच्या ठिणगीने गोळी नळीत जेमतेम शिरते आणि तेथेच रुतते. आवाज फुसका येतो. घाईत वा भीतीत असलेला माणूस पुन्हा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी बंद नळीत पहिलीवर जाऊन आदळते. नळी फुगते, क्वचित फाटते. म्हणजे येथे अपघाताला कारण होतो तो फुसका बार.

उलट टोकाचा दोष दारू अधिक पडण्याचा. त्याचे मूळ इतिहासात आहे. .३८ स्पेशल हे प्रसिद्ध काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे २१ ग्रेन काळी दारू मावेल अशा बेताने आखले गेले. पुढे धूरविरहित दारू आली. तिच्या जलद जळणाऱ्या प्रकारांचे तीन-साडेतीन ग्रेन तेवढ्याच कामाला पुरतात. कोश मात्र पूर्वीच्याच आकाराचा राहिला. परिणामी चुकून दुप्पट माप पडले तरी कोशात जागा उरते, गोळी नीट बसते आणि बाहेरून काहीही दिसत नाही. असे काडतूस उडाले की चक्राचा वरचा भाग फुटून निघतो आणि त्यावरची पोलादी पट्टी वाकते किंवा तुटते. जोरकस काडतूस कमी ताकदीच्या शस्त्रात जाऊ नये म्हणून काही ठिकाणी आकारातच खबरदारी घेतलेली असते. १९३५ मध्ये आलेल्या .३५७ मॅग्नमचा कोश मुद्दाम थोडा लांब ठेवला गेला, तो याचसाठी. त्याच्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ३५,००० पौंड, तर.३८ स्पेशलची १७,०००. मात्र एकाच नावाच्या आणि एकाच आकाराच्या काडतुसात दारूचे माप चुकले, तर आकार कोणाचे रक्षण करणार?

येथे हा विषय शस्त्रविद्येच्या कक्षेतून निघून अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचा दाखला घेऊन दाखवले, की विक्रेत्याला माल ठाऊक आणि ग्राहकाला ठाऊक नाही अशा बाजारात चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही आणि वाईट माल त्याला हुसकून लावतो. काडतुसाचा बाजार त्याहून विलक्षण आहे. मोटार निदान चालवून पाहता येते. काडतूस उडवून पाहिले की ते संपते. ग्राहकाने तपासलेला नग कधीच त्याच्या उपयोगी पडत नाही, आणि उपयोगी पडणारा नग कधीच तपासलेला नसतो. अशा मालाच्या दर्जाची हमी नगाची नसते, खेपेची असते. ती खेपेतील नमुने उडवूनच द्यावी लागते. ती कोणी द्यावी, एवढाच प्रश्न उरतो.

निरनिराळ्या देशांनी याची निरनिराळी उत्तरे दिली. इंग्लंडमध्ये लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ च्या कायद्याने उभे राहिले. नेहमीपेक्षा जोरकस बार उडवून नळी टिकते की नाही ते पाहायचे आणि मगच तिच्यावर मोहोर उमटवायची, ही तेथील रीत. युरोपातील अनेक देशांना एकत्र आणणाऱ्या कायम आंतरराष्ट्रीय आयोगाचे मूळ १९१४ सालचे. त्याच्या नियमांनुसार पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची परीक्षा कमाल दाबाच्या ३० टक्के अधिक दाबाने होते, आणि काडतुसांच्या खेपाही तपासल्या जातात. भारत या आयोगाचा सदस्य नाही.

अमेरिकेने दुसरा मार्ग पत्करला. तेथे कारखानदारांच्याच संस्थेने १९२६ पासून दाबाच्या मर्यादा ठरवल्या. त्या पाळणे ऐच्छिक आहे. १९७२ च्या ग्राहकवस्तू-सुरक्षा कायद्यातून बंदुका आणि दारूगोळा वगळण्यात आला, आणि १९७६ मध्ये काँग्रेसने दुरुस्ती करून ती पळवाट अधिकच पक्की केली. खेळण्यातील बंदूक सदोष निघाली तर सरकारी आयोग ती परत मागवू शकतो, खरी निघाली तर नाही, असा हा अजब न्याय! तरीही तेथील कारखानदार सदोष खेपांचे क्रमांक जाहीर करून माल परत मागवतात, कारण नुकसानभरपाईच्या दाव्यांची धास्ती त्यांना असते. ही सज्जनता धाकातून आली असली तरी ग्राहकाच्या ती पदरात पडते.

भारताने तिसरा मार्ग धरला. परवानाधारकाला कित्येक दशके नवे रिव्हॉल्व्हर घ्यायचे तर सरकारी आयुध कारखान्याखेरीज गत्यंतर नव्हते. दिल्लीच्या २०१२ मधील अत्याचारानंतर कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याची किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. कोणत्या निर्भय होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला ते परवडणार होते, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. काडतुसांची गोष्टही सरकारीच, बुडावर के. एफ. ही अक्षरे असतील तर ते पुण्याजवळच्या १८६९ मध्ये स्थापन झालेल्या खडकीच्या कारखान्याचे.

सरकारी मक्तेदारीत दर्जाची हमी आपोआप मिळते, असा एक समज आपल्याकडे दीर्घकाळ होता. सैन्याचा अनुभव त्याला दुजोरा देत नाही. ३१ मे २०१६ च्या पहाटे वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा भांडारात आग लागली आणि पंधराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत आग विझवण्यासाठी धावून गेलेलेच अधिक होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या स्फोटकाकडे बोट दाखवले गेले. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालाने आयुध कारखान्यांच्या पुरवठ्यातील दर्जाच्या उणिवांवर ताशेरे ओढले. सप्टेंबर २०२० मध्ये लष्कराच्या अंतर्गत अहवालातील आकडे वृत्तपत्रांत आले. २०१४ पासूनच्या काळात सुमारे ९६० कोटी रुपयांचा दारूगोळा मुदतीपूर्वीच टाकाऊ ठरला, आणि त्यात पुलगावनंतर निकालात काढलेले ३०३ कोटींचे सुरुंग होते.

आयुध मंडळाने आरोप नाकारला. आपल्या मालामुळे झालेले अपघात एकूण अपघातांच्या १९ टक्केच आहेत. बाकीच्यांत शस्त्रांची निगा, हाताळणी आणि रचनेतील फेरबदल यांचा वाटा आहे, असे त्याचे म्हणणे होते. ते सर्वस्वी निराधार मानण्याचे कारण नाही. फुटलेल्या रिव्हॉल्व्हरबाबतही हाच वाद होतो: काडतूसवाला शस्त्राला दोष देतो, शस्त्रवाला काडतुसाला. पुरावा तर स्फोटातच नष्ट झालेला असतो. परंतु या वादाचा निवाडा करणारे दर्जानियंत्रण महासंचालनालय आणि माल बनवणारे मंडळ ही दोन्ही एकाच संरक्षण-उत्पादन विभागाच्या छत्राखाली नांदत होती. सुनेची तक्रार सासूकडे आणि सासूची चौकशी सासऱ्याकडे, अशातला हा प्रकार.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित झाले. ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले, तर छोटी शस्त्रे बनवणारे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे. खाजगी कारखानदारही या क्षेत्रात उतरले आहेत. यामुळे स्पर्धा वाढेल हे खरे. मात्र ॲकरलॉफ यांचे सूत्र मान्य केले तर नुसत्या स्पर्धेने दर्जा वाढत नाही. तपासता न येणाऱ्या मालात स्पर्धा किमतीचीच होते आणि किमतीत काटकसर करण्याची सर्वांत सोपी जागा तपासणी हीच असते.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याचा आधार घेऊन हात गमावलेला एखादा परवानाधारक किंवा बँकेच्या दारात उभा राहणारा शस्त्रधारी पहारेकरी दाद मागू शकेल. परंतु त्याला सिद्ध काय करावे लागेल? स्वतःचे काडतूस सदोष होते, हे. आणि ते काडतूस तर उडून गेले. त्याच खेपेच्या नमुन्यांची दाबचाचणी कधी झाली आणि दाब किती निघाला, हे आकडे कारखान्याच्या दप्तरात असतात. खेपेचा क्रमांक पेटीवर छापून त्यापुढे हे आकडे जाहीर करायला कोणत्याही नव्या मंडळाची वा कंपनीची गरज नाही, आणि एका काडतुसामागे येणारा त्याचा खर्च पैशांतच मोजावा लागेल.