सीट फुकट घालवलेला डॉक्टर

आपल्याकडे एमबीबीएस झालेला मुलगा कलेक्टर झाला किंवा एमबीए करून बँकेत गेला, की कुणीतरी काका हमखास म्हणतातच, "एका गरजू मुलाची सीट फुकट घालवली!" या हिशोबाने अनिल मेननने तर कहरच केलाय.

हार्वर्डमध्ये न्यूरोबायोलॉजी, मग स्टॅनफर्डमधून 2004 साली मेकॅनिकलची मास्टर्स आणि 2006 साली डॉक्टरकी. म्हणजे आपली दोन्ही राष्ट्रीय वेडं एकाच माणसात! (वडील भारतातले, आई युक्रेनची. मधे एक वर्ष रोटरीच्या शिष्यवृत्तीवर भारतात पोलिओ लसीकरणासाठीही येऊन गेला.) इमर्जन्सी मेडिसिन केलं, 2010 च्या हैतीच्या आणि 2015 च्या नेपाळच्या भूकंपात जाऊन राबला. नासात फ्लाइट सर्जन झाला, नंतर स्पेसएक्सचा पहिला फ्लाइट सर्जन. नावात सर्जन असला तरी हा काही कापाकापी करत नाही. अंतराळवीरांची तब्येत सांभाळणारा डॉक्टर. डिसेंबर 2021 मध्ये नासाने बारा हजारांहून जास्त अर्जांतून दहा जण निवडले, त्यात हा 45 वर्षांचा गडी.

मग पहिल्यापासून अभ्यास. रशियन भाषा, स्पेसवॉकसाठी पाण्याच्या टाकीतला सराव, जेट विमानं. जुलै 2025 मध्ये नासाने त्याची पहिली मोहीम जाहीर केली ती सोयुझ एमएस-29 वर, बैकानूरहून, दोन रशियन सहकाऱ्यांबरोबर आणि आठेक महिन्यांसाठी. स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून पहिली माणसं गेली तेव्हा त्यांचा डॉक्टर हाच, आणि स्वतःची पाळी आली तर सोयुझ! पन्नाशीच्या उंबरठ्यावर परत रशियन चेकलिस्ट घोकायची. आपण चाळिशीत नवीन प्रोग्रॅमिंग लँग्वेज शिकायची म्हटलं तरी कुरकुरतो.

आता सीट वाया गेली का? मला तरी अजिबात वाटत नाही. स्थानकावर प्रत्येक वेळी डॉक्टर असतोच असं नाही. थोडंफार वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला पायलटसुद्धा ते काम बघतो. 2020 च्या जानेवारीत एका मेडिकल जर्नलमध्ये एक केस आली होती. स्थानकावर जाऊन दोन महिने झालेल्या अंतराळवीराच्या मानेतल्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली, तीही दुसऱ्याच संशोधनासाठी सोनोग्राफी चालू असताना. वर इंजेक्शनं मोजकीच, गोळ्या येईपर्यंत ती पुरवून पुरवून वापरली. जमिनीवरचे डॉक्टर सल्ला देत होते, पण सुई टोचायची आणि सोनोग्राफी करायची ती वरच्यांनीच.

अर्थात डॉक्टर वर गेला म्हणजे हॉस्पिटल वर गेलं असं नव्हे. जानेवारी 2026 मध्ये तब्येतीच्या कारणावरून क्रू-11 चे चौघेही मुदतीआधी परत आले, स्थानकाच्या इतिहासात पहिल्यांदाच. निदान करायला लागणारी मोठी मशिन्स तिथे नाहीत. स्थानकावरून निदान परत तरी येता येतं, मंगळाच्या वाटेवरून ते जमायचं नाही. तिकडे जाणाऱ्या टीममध्ये मला विचाराल तर असाच एखादा पाहिजे, पेशंट नसेल तेव्हा पाना घेऊन पंप उघडणारा.